वाकडा खिळा

तो वाकडा खिळा तिचाच होता. दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. ती वाटेवरच्या ओल्या मातीत उकिडवी बसली आणि बुटाच्या ठशावरून तिने बोट फिरवलं. टाचेभोवती खिळ्यांची रांग, आणि शेवटचा खिळा तिरका. नवरा-बायकोचं बूट शिवायचं दुकान होतं. तो चामडं कापायचा, ती बुटांना खालचे तळ ठोकायची. इतकी वर्षं ठोकून हात बसला, पण डाव्या टाचेचा शेवटचा खिळा मेला कधी सरळ बसला नाही. “राहू दे गं, ती तुझी सही आहे,” नवरा चिडवायचा. पूर्वी चिडवायचा. हल्ली नाही.

“आपलंच गिऱ्हाईक पुढे गेलंय वाटतं,” ती म्हणाली.

“असेल,” मागून नवरा म्हणाला. “तू हो पुढे.”

हे ‘तू हो पुढे’ तिला निघाल्यापासून खटकत होतं. डोंगरामागून डोंगर ओलांडत जायची ही महिनाभराची वाट, टूम त्याचीच. आणि चालायला लागल्यापासून तो सतत तिच्या मागे. हात खिशात, तोंडाला कुलूप. घराची किल्ली, पैसे, नकाशा, सगळं त्याने तिच्या पिशवीत कोंबलं होतं. “माझ्याकडून हरवतं,” म्हणे. काल जेवताना त्याने विचारलं, “तुला एकटीला सापडेल ना गं वाट?” तिने हातातला घास ताटात ठेवला.

घरीही वर्षभर हेच. चांगलं चामडं वाकडंतिकडं कापून ठेवायचा. ती तडतडायची, तो मुकाट ऐकायचा. चामडं कापायची रापी म्हणजे त्याचा जीव की प्राण, तीही निघण्याआधी त्याने धाकट्या भावाला देऊन टाकली. “गप्प नवऱ्याचं मन घरात नसतं, सांभाळ बाई,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्याच होत्या. दुसरी कुणीतरी असणार. मग बायकोला डोंगरात न्यायचं, एखाद्या आडवाटेला सोडायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. आपल्याच माणसाबद्दल असलं मनात येतंय म्हणून तिला लाज वाटायची. पण एकदा आलेला विचार हटता हटेना.

दुपारी वाट चिखलाची झाली आणि तिचं पाऊल अडलं. पुढे ठशांच्या दोन जोड्या होत्या, एक लहान, एक मोठी. मोठ्या पावलाच्या उजव्या चवड्यावर चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी उमटलेली. नवरा हल्ली उजवा पाय घासत चालायचा, चवडा झिजायचा, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तिनेच ती जादा पट्टी ठोकली होती. तशी पट्टी जगात दुसऱ्या कुठल्या बुटाला नव्हती. तिने आपला पाय हळूच लहान ठशात ठेवून पाहिला. बोटभरही कमीजास्त नाही.

तिला ओरडावंसं वाटलं. पण मागे वळून ज्याला सांगायचं, त्याचीच तर भीती होती.

मुक्कामाला दगडी निवारा होता. रात्री बर्फ पडलं. सकाळी रखवालदार दारातलं बर्फ फावड्याने ओढत म्हणाला, “आज वर जाणारे पहिले तुम्हीच.” अंगण ओलांडून ती वळणावर आली आणि तिथेच थबकली. कोऱ्या बर्फात ठसे पुढे गेले होते, लहान आणि मोठे. इतके ताजे, की त्यांच्या कडाही अजून ढासळल्या नव्हत्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघतच नव्हता, वर खिंडीकडे बघत होता.

खिंडीजवळ वाट कड्याच्या अंगाने जात होती. तिथे मोठे ठसे डावीकडे वळले, कड्याच्या टोकापर्यंत गेले आणि संपले. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं. लहान ठसे थोडे पुढे जाऊन थांबले होते, मग मागे धावले होते. टोकाजवळ बर्फ तुडवून तुडवून त्याचा पार चिखल झाला होता. तिथे दोन गुडघेही उमटले होते. आणि तिथून ती लहान पावलं वेडीवाकडी, एकटीच, पुढे निघून गेली होती.

एकटी तीच गेली होती. म्हणजे इतके दिवस ती भलत्याच जिवासाठी भीत होती; धोका तिच्या जिवाला नव्हता, त्याच्या होता.

“तू हो पुढे,” मागून नवऱ्याचा आवाज आला. “मी जरा थांबतो इथे.”

ती वळली, धावली आणि तिने त्याचा उजवा हात खिशातून खेचून काढला. हात थरथरत होता. तिने तो दोन्ही हातांत गच्च धरला, छातीशी दाबला, तरी तो थांबेना. थंडीने हात असा थरथरत नाही.

“रापी धरवत नाही गं आता,” तो म्हणाला. “पायही जायला लागलाय. सरळ कापता येत नाही, तो माणूस काय कामाचा?”

“आणि मला तरी कुठे खिळा सरळ ठोकता येतो?” ती रडत रडत त्याच्यावर खेकसली. “इतकी वर्षं चालवून घेतलंतच ना? चला घरी.”

तो लहान मुलासारखा रडला. ती बोलत राहिली, शिव्या देत राहिली, पण हात काही तिने सोडला नाही. हात धरूनच तिने त्याला कड्यापासून बाजूला घेतलं आणि घराच्या दिशेने वळवलं.

समोर उतारावर, त्यांच्या सकाळच्या खुणांशेजारी, जिथे त्यांनी अजून पाय टाकलाच नव्हता अशा कोऱ्या बर्फात, पट्टीवालं मोठं पाऊल खाली उतरून गेलं होतं, आणि त्याला अगदी खेटून वाकड्या खिळ्याचं लहान.