फक्त आवाज

"वाचा," बाईंनी कागद हेडसरांच्या टेबलावर आपटला. "मोठ्यानं वाचा. यांच्यासमोर."

समोर मुलीचे वडील उभे होते. बेकरीतली रात्रपाळी आटपून थेट आलेले, कोपरापर्यंत पीठ. शेजारी मान खाली घालून मुलगी.

लेखनाचा तास बाईंनी शाळेशी भांडून मिळवला होता. गाळलेल्या जागा भरून पोरांचे नुसते पोपट होतात, असं त्यांनी सगळ्या स्टाफला ठणकावलं होतं, आणि ते खरंच होतं. लिहिलेलं निमूट गिळू नका, असं त्या वर्गात सांगत. बोलतंय कोण ते विचारा. गप्प कोण आहे तेही विचारा. या वेळचा गृहपाठ साधा होता. संध्याकाळी खिडकीत बसायचं, डोळे मिटायचे आणि नुसते आवाज लिहायचे.

बाकीच्यांनी हॉर्न आणि कुत्री लिहून सुटका करून घेतली होती.

हेडसरांनी चष्मा लावला. "'आधी ताट पडतं. मग आवाज चढतो. किती वेळा सांगायचं, असं तो आवाज विचारतो. मग फटका. मग दुसरा. कोणीतरी लहान कॉटखाली सरकतं. आवाज म्हणतो, बाहेर ये. मग मुसमुसणं ऐकू येतं, तेही तोंड दाबून.'"

ते थांबले. पुढे वाचवेना.

"लाज नाही वाटत?" बाईंचा पारा चढला. "आईविना पोर, आणि तिच्यावर हात उगारता?"

"बाई, मी तिला कधी बोटसुद्धा..."

"एक शब्द बोलू नका! आमच्याच इमारतीत राहायला आलात. जिन्यात भेटलात तर मान वर करत नाही. मला तेव्हाच शंका आली होती."

"बाई, जरा दमानं," हेडसर म्हणाले. "पोरीला तरी विचारू."

"घाबरलेली पोर बापासमोर काय बोलणार? बालकल्याणवाल्यांना फोन केलाय मी. दुपारी येतील. ही आज घरी जाणार नाही."

मुलीनं काही बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हातानंच तिला गप्प केलं.

वडिलांचा चेहरा उतरला, आणि मग तापला. "नेणार? माझ्या पोरीला? अहो, तिच्याशिवाय मला आहे कोण! संध्याकाळी मी घरी असतो तरी का? दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत भट्टीसमोर असतो. मालकाला फोन लावा, आत्ता लावा. आणि कॉट कसली? आम्ही खाली गादी घालून झोपतो. चला घरी, बघा डोळ्यांनी!"

हेडसरांनी कागद खाली ठेवला आणि बाईंकडे पाहिलं.

बाईंची कानशिलं तापली. चारचौघांत तोंडघशी पडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मुलीचा दंड धरला आणि गदागदा हलवला. "म्हणजे मनचं लिहिलंस? काय ऐकू येतं तेवढंच लिहा म्हटलं होतं ना मी?"

"बाई, हात सोडा तिचा," वडील पुढे झाले.

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मनचं नाही, बाई. आमची खिडकी तुमच्या घराच्या बाजूला आहे. आवाज तुमचा असतो, आणि कॉटखाली तुमची छोटी."