आता डोकं काढा

“आधी नमस्कार. मग हात पुढे. मग?” रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी नातीला विचारले.

“मग टाळी,” बिट्टी म्हणाली.

“बाबा, पुरे करा हो आता,” बिट्टीची आई वैतागली. “अस्वलाला भेटायचंय तिला, तोंडी परीक्षा नाहीये.”

“तयारी करून घेतली म्हणून इथवर आली. नाहीतर फाटकातच भोकाड पसरलं असतं.”

हे खरे होते, आणि म्हणूनच बिट्टीच्या आईला त्याचा अधिक राग आला. मनोरंजन उद्यानाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या भल्यामोठ्या वेषधारी सशाला पाहून बिट्टीच्या वयाची सगळी मुले आयांना बिलगली होती. बिट्टीने मात्र सशाकडे नुसते रोखून पाहिले होते. घरी आजोबा रोज संध्याकाळी तपकिरी ब्लँकेट पांघरून आणि डोक्यावर कान चिकटवलेले पुठ्ठ्याचे खोके घालून अस्वल होत असत. बैठकीच्या खोलीत त्यामुळे कोणाला टीव्ही पाहता येत नसे. आईने तेही सोसले होते. बिट्टीचे बाबा कामासाठी परगावी होते. अस्वलाशेजारी उभी असलेली, न रडणारी मुलगी, असा एकच फोटो त्यांना पाठवावा, एवढेच आईला हवे होते.

त्यांची पाळी आली. अस्वल दाराएवढे उंच होते. बिट्टी एकटी पुढे गेली. तिने नमस्कार केला, हात पुढे केला, टाळी दिली. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला.

बिट्टी कॅमेऱ्याकडे वळलीच नाही.

“आता डोकं काढा,” ती अस्वलाला म्हणाली.

अस्वलाने तिच्याकडे खाली वाकून नकारार्थी मान हलवली.

“बिट्टे, इकडे बघ! डोकं कसं काढेल तो? त्याचंच आहे ते.”

“आजोबांचं निघतं.”

आईने सावकाश वडिलांकडे पाहिले.

“शेवटी खोकं काढून दाखवायचो मी,” आजोबा आवाज खाली आणून म्हणाले. “आत आपल्यासारखंच माणूस असतं हे कळलं की भीती मुळापासून जाते. तर्काला धरून आहे.”

“चुलीत घाला तुमचा तर्क!”

अस्वलासोबतची मदतनीस मुलगी हसतमुखाने पुढे आली. “आत कोणी नसतं हं, बाळा. हे खरंखुरं अस्वल आहे.”

“खोटं,” बिट्टी म्हणाली. टाचा उंचावून तिने अस्वलाच्या हनुवटीखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. अस्वलाने घाईने पंज्यांनी आपले डोके दाबून धरले. तेवढ्यात ते बोटभर वर सरकलेच. आतून घामाचे थेंब बिट्टीच्या मनगटावर टपकले.

तिने मनगट पाहिले आणि तिचा चेहरा पडला.

“अडकलंय! आई, काकांचं डोकं अडकलंय! काढ ना!”

आणि ती मोठ्याने रडू लागली.

“झालं!” आई म्हणाली. “झालं समाधान, बाबा?”

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मागून कोणीतरी ओरडले, “अहो, आवरा! आमची पोरं पण उन्हातच उभी आहेत.”

मदतनीस मुलीचे हसू मावळले. ती आईच्या कानाशी आली. “ताई, लोकांसमोर डोकं निघालं ना, तर उद्यापासून त्याला काम नाही. न्या हो हिला.”

“असं कसं? पाणीबिणी तरी देता की नाही?”

“कामाची पाळी संपल्यावर.”

आईने बिट्टीला कमरेला धरून उचलले. बिट्टीने अस्वलाचा पंजा घट्ट धरून ठेवला. अंगातली सगळी ताकद लावून तिने आईचा हात झिडकारून खाली उडी घेतली, गळ्यातली पाण्याची बाटली ओढून पुढे घेतली आणि तिची नळी वाकलेल्या अस्वलाच्या उघड्या जबड्यात खुपसली. जबड्याच्या आत काळी जाळी होती. नळी जाळीवर इकडेतिकडे अडखळत राहिली.

अस्वल गुडघ्यांवर बसले. त्याची मान तिरकी झाली आणि जाळीच्या कडेच्या फटीतून नळी आत गेली.

मदतनीस मुलीने आजूबाजूला पाहिले आणि पाठ फिरवली.

बिट्टीचे नाक वाहत होते. गाल ओले होते. दोन्ही हातांनी तिने बाटली उंच धरली होती.

“ताई, फोटो काढू का?” फोटोग्राफरने विचारले. “की हिला आधी गप्प होऊ द्यायचं?”

“अहो, आटपा की लवकर!” मागून पुन्हा आवाज आला.

“थांबा ना जरा!” आई दोघांवरही एकदमच खेकसली. “दिसत नाही का? पितोय तो.”