कानामागचा कोंडा

दर रविवारी शालनकाकू अनघाच्या डोक्याला तेल लावायला येत. आगीत भाजलेल्या अनघाच्या डोक्यावर डॉक्टरांनी बसवलेली त्वचा काकूंच्या लेकीची होती, गेलेल्या जुईची. केस अजून वाढत होते, तसेच दाट, कुरळे. आणि कानामागे तोच हट्टी कोंडा.

"कितीदा सांगितलं, ओले केस बांधत जाऊ नकोस!" काकू जुईवर करवादावं तशा करवादत. अनघा निमूट ऐकून घेई.

आज केस बाजूला करताच काकूंची बोटं थबकली.

"गेला ना कोंडा?" अनघा हसली. "नवीन औषध आलंय. परत होतच नाही म्हणे."

काकू बराच वेळ कानामागे चाचपत राहिल्या. नेहमीचं वाक्य ओठांवर येऊन तिथंच थांबलं.

"बरं झालं गं बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तेलाच्या बाटलीला झाकण लावलं.