चार मिलीमीटर

उदयसिंहने लोखंडाचं कास्टिंग टेबलावर आदळलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोनाच्या कीबोर्डशेजारचा चहा सांडला. माल घेणाऱ्या पार्टीने साठच्या साठ नग परत पाठवले होते, प्रत्येक नग चार मिलीमीटरने बारीक. मेल लिहायचा, त्याने फर्मावलं. चूक पॅटर्नमेकरची, आणि त्याला आजच कामावरून काढलं आहे.

उदयसिंह म्हणजे शिरोलीतल्या या फाउंड्रीचा धाकटा मालक. सकाळपासून त्याच्या आवाजाने शेडचे पत्रे हलत होते. तासाभरापूर्वी त्याने चाळीस कामगारांदेखत सिकंदरचाचांना, बत्तीस वर्षं इथे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करणाऱ्या माणसाला, आंधळा म्हातारा म्हणून गेट दाखवलं होतं. चाचा हत्यारांची पेटी भरायला लागले होते.

मेलला जोडायचं म्हणून मोनाने चाचांचं फोल्डर उघडलं. ड्रॉइंगच्या फाइलसमोर शेवटच्या बदलाची वेळ होती, शनिवार, सकाळी आठ. शनिवारी चाचा कामावर नव्हतेच. पाहुण्यांत लग्न होतं, राधानगरीला गेले होते ते मंगळवारी परतले, आणि तोवर सगळे नग ओतून झाले होते. शनिवारी आठ वाजता त्या फोल्डरात जाणारं एकच होतं, मोनाने लिहिलेली स्क्रिप्ट, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम.

स्क्रिप्टचं काम सरळ होतं. दर शनिवारी आठला पार्टीच्या सर्व्हरवरून ड्रॉइंगं उतरवून घ्यायची आणि ज्याची त्याच्या फोल्डरात ठेवायची. त्याच नावाची फाइल आधी असेल तर तिच्यावरच नवी बसवायची. हा उदयसिंहचा हट्ट. पार्टीकडे जे आहे तेच आपल्याकडे दिसलं पाहिजे, वर एक आकडा नको.

पण पार्टी माप देते ते तयार मालाचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा धरावा लागतो. ते वाढीव माप चाचा स्वतःच्या हाताने फाइलीत भरायचे. शुक्रवारी संध्याकाळी भरून गेले होते. शनिवारी आठला स्क्रिप्टने ते पुसलं आणि नऊला मशीनने पॅटर्न कापून मोकळा केला.

मोनाला संताप आला, आणि पहिला आला तो स्वतःचाच. स्क्रिप्ट लिहिणं चालू होतं तेव्हा चाचा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. माझ्या फोल्डरला हात लावायच्या आधी एक हाक मार, एवढंच म्हणाले होते. तिने स्क्रीनवरची नजरही न काढता 'व्हय व्हय' म्हटलं होतं. लाकडात काम करणाऱ्या माणसाला यातलं काय कळतंय, असं मनात आलं होतं. ते आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिने स्क्रीन उदयसिंहकडे फिरवली आणि सगळं सांगितलं.

त्याचा आवाज एकदम खाली आला. स्क्रिप्टचं नाव कुठे काढायचं नाही, तीच दाखवून तर पार्टीकडून ही ऑर्डर मिळवली होती. मेलमध्ये तांत्रिक कारण म्हणून लिही. चाचांना सांग उद्यापासून या. झालं गेलं ते सोडून द्यायचं.

"चूक चाचांची होती तवा माणूस कामावरनं गेला," मोना म्हणाली. "आता आपली निघाली तर तांत्रिक कारण व्हय, सर?"

उदयसिंह मोबाइल चाळायला लागला.

चाचा गेटवरच होते, पेटी पायाशी ठेवून रिक्षाची वाट बघत. मोनाने उभ्या उभ्या सांगितलं, स्वतःच्या 'व्हय व्हय'सकट. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी पेटी उचलली आणि ऑफिसकडे न वळता सरळ शेडकडे चालू लागले.

"मालकास्नी बोलव," ते म्हणाले. "जिथं बोलले तिथंच सांगायचं. आणि ज्या आवाजात बोलले, त्याच आवाजात."

उदयसिंह आला, कपाळाला आठ्या घालून. मोना त्याच्यासाठी थांबली नाही. तिने घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, "चूक माझी हाय. चाचांनी माप बरोबर भरलंतं. माझ्या स्क्रिप्टनं ते पुसलं. मी त्यास्नी इचारलं न्हाय."

ग्राइंडर बंद पडला. चाळीस तोंडं तिच्याकडे वळली. नोकरी गेली, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि तरी राग तसूभर कमी झाला नाही.

मग सगळे उदयसिंहकडे बघायला लागले. त्याने घड्याळ पाहिलं, मग वर पत्र्याकडे. "जरा गैरसमज झालता," तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला. "चला, कामाला लागा." पुढच्या रांगेतल्यांनाही ते नीट ऐकू गेलं नाही.

चाचांनी पेटी उघडली. त्यातून पॅटर्नची पट्टी काढली. बाजारातल्या फुटापेक्षा या पट्टीचा फूट जरा मोठा असतो, लोखंड आकसणार हे धरूनच तो आखलेला. ती हातात धरून ते उदयसिंहच्या समोर जाऊन उभे राहिले.

"सकाळी केवढं वतलासा, मालक," ते म्हणाले. "आणि आता एवढंच? थंड हुईस्तोवर काय उरणार ह्यातलं?"