टीचं पान

पहिलीतल्या आचलचा इंग्रजीचा सराव घरी घ्या, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. एस फॉर सनपर्यंत आजा इस्तारीची गाडी झकास धावली. टीच्या पानावर ते पट्टेवालं जनावर दिसलं आणि आज्यानं चित्रावर पटकन हात ठेवला.

"याचं नाव नाई घ्याचं, माय. घेतलं का येते. सकाळी मले मोहफुलं वेचाले जाचं आहे."

"पण आबाजी, इंग्रजीत घेतलं तं?"

मुद्दा बिनतोड होता. जन्मात शाळेचं तोंड न पाहिलेलं जनावर, त्याला कुठली आली इंग्रजी! जन्मभर दाबून ठेवलेला आज्याचा आवाज मोकळा सुटला. "टायगर! टी फॉर टायगर!" अंगणात नाचायचाच काय तो बाकी होता.

तेवढ्यात सून प्रेमिला कामावरून आली. ती सफारीच्या गेटवर गाईड. "मामाजी, हळू! जिप्सीतले पाव्हणे दिवसभर त्याले टायगर, टायगरच म्हणतेत. आता या नावानं तो मान वळवून पाह्यते."

इस्तारीनं कुंपणापलीकडच्या झाडीकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि नातीच्या कानाशी वाकला.

"वाघ म्हण, माय. मराठी विसरला असन तो."