काचेच्या वाटीतलं पेट्रोल

गाडीच्या पंपाखालच्या काचेच्या वाटीतलं पेट्रोल खाली उतरत होतं. आधी काठाशी, मग अर्ध्यावर, मग तळाशी. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"काका, गाडी तुमची अगदी माझ्या मेव्हण्यासारखी," बॉनेटखालून मिस्त्री म्हणाला. "घरातून ऐटीत निघते आणि चौकात आली की बसकण मारते."

बाबा हसले नाहीत. महिनाभर ते स्वतःच या दुखण्यामागे लागले होते. कार्ब्युरेटर खोलला, फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या. मिस्त्रीला बोलावू म्हटलं की करवादायचे, "त्याला काय कळतंय माझ्या गाडीतलं!" शेवटी लेकीनंच त्याला बोलावलं.

दुखणं तिला ठाऊक होतं. टाकीच्या झाकणातलं बारीक भोक तिनंच मेणानं बुजवलं होतं. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही. पाण्यात नळी बुडवून, नळीच्या वरच्या टोकावर बोट दाबून, हे बाबांनीच तिला लहानपणी दाखवलं होतं.

दुसरं काही सुचलंच नव्हतं. बाबा घरचा रस्ता विसरायला लागले होते. एकदा शाळेसमोर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. सायकल चेपली, पोरगी थोडक्यात वाचली. 'बाबा, आता गाडी सोडा,' हे वाक्य रोज तिच्या ओठांवर यायचं आणि रोज ती ते गिळायची.

संशय नको म्हणून मिस्त्रीला बोलावलं खरं, पण त्याच्या हाती चोरी पकडली जाईल म्हणून आज सकाळीच तिनं टाचणीनं सगळं मेण कोरून काढलं होतं. भोकातून आरपार उजेड दिसेपर्यंत.

मग गाडी बंद कशी पडली?

मिस्त्री मागे गेला. त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स आवाज करत हवा आत ओढली गेली.

"हे बघा! भोकच बुजलंय." त्यानं नखानं हिरवट काहीतरी खरवडलं, हुंगलं. "साबण? कुणी केला हा उद्योग?"

तिनं बाबांकडे पाहिलं. ते फडक्याला हात पुसत होते.

"मेण पेट्रोलच्या वाफेनं मऊ पडतं, बाळा," ते म्हणाले. "सकाळी पाहिलं, तर तुझं गळून गेलेलं. साबण टिकतो."

मग ते मिस्त्रीकडे वळले.

"किल्ली हिच्याकडे द्या. मी गाडी सोडली."