शिवगंगाची बाटली

मुलांनो, एक लाकडी स्टँड डोळ्यांसमोर आणा. त्यात काचेच्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत उपडी घातलेली एक इवलीशी नळी. पाण्यात घाण असली की त्या इवल्या नळीत बुडबुडा धरतो. वर्गातल्या सगळ्यांच्या नळ्यांत बुडबुडे आहेत. शिवगंगाच्या नळ्यांत एकही नाही.

"बाटली तूच भरलीस ना?" रेणुकादास सरांनी विचारलं.

"हाव सर, मीच."

सर खूश झाले. अख्ख्या रेणापुरात तुमचाच आड नशीबवान, म्हणाले. शिवगंगा लाजून हसली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुष्काळ पडला होता. टँकर थोडे. ज्या गल्लीचं पाणी खराब, तिथे आधी टँकर, असं ठरलं होतं. पाणी तपासायचं काम लातूरच्या कॉलेजातल्या बी.एस्सी.च्या मुलांकडे होतं. बाटली स्वतःच्या हाताने भरा, पाणी आहे तसं आणा, असं सरांनी बजावलं होतं. शिवगंगा मात्र आदल्या रात्री बाटली आईकडे देऊन झोपली होती.

पुढच्या आठवड्यात टँकर त्यांच्या गल्लीवरून न थांबता गेला. शिवगंगा दुपारी घरी आली, तर शेजारच्या पार्वतम्मांच्या नातीला जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात नेलेलं. तिचा स्वतःचा भाऊ गुरुलिंग गोधडीवर मलूल पडलेला. पाणी तर चांगलं निघालं होतं, ती पुटपुटली.

"निघंल न्हाई तर काय," तिची आई दानम्मा म्हणाली. "उकळून, फडक्यानं गाळून भरले मी. सरांपुढं असलं गढूळ पानी ठिवावं का? काय म्हनतील आपल्या घराला?"

"आन् आपन पितो ते?"

"रोज उकळायला सरपन कुठून आनू, माय?"

शिवगंगाचे कान तापले. तपासणीची दुसरी बाटली तिच्या दप्तरात होती. ती घेऊन ती आडावर गेली. बायका घागरी लावून उभ्या होत्या. सरांशी मी खोटं बोलले, टँकर माझ्यामुळं गेला, हे पानी उकळल्याबिगर लेकरांना देऊ नका, असं तिने पार्वतम्मांकडे बघत सांगितलं. पार्वतम्मांनी भरलेली घागर उपडी केली.

शिवगंगाने पोहरा वर ओढला आणि सगळ्यांच्या देखत बाटली भरली.

लातूरच्या एसटीत तिने ती दप्तरात घातली नाही. सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर धरून बसली.